शेवट कोण लिहितो? ‘द विचर ३’मधील निवडी आणि त्यांचे परिणाम

कादंबरीचे शेवटचे पान कितीही वेळा उलटून पाहिले, तरी तिचा शेवट बदलत नाही. नाटकाच्या शंभराव्या प्रयोगालाही नायकाचे तेच होते, जे पहिल्या प्रयोगात झाले होते. कथाकथनाच्या या जुन्या नियमाला गेल्या काही दशकांत एका नव्या माध्यमाने छेद दिला. संगणकावर वा खेळयंत्रावर खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजेच खेळाडूने एखाद्या पात्राची भूमिका अंगावर घेऊन खेळायच्या खेळात, कथेचा शेवट पुष्कळ अंशी खेळाडूच्या वागण्यावर अवलंबून असतो. एकच खेळ दोन भावंडांनी स्वतंत्रपणे खेळला, तर एकाच्या गोष्टीत राज्य वाचते आणि दुसऱ्याच्या गोष्टीत ते धुळीस मिळते, असे सहज घडू शकते.

हे नेमके कसे साधले जाते, त्यात खेळाडूचे स्वातंत्र्य किती खरे आणि किती आभासी असते, हे समजून घेण्यासाठी ‘द विचर ३ : वाइल्ड हंट’ हा खेळ उत्तम नमुना ठरतो. पोलंडमधील सीडी प्रॉजेक्ट रेड या संस्थेने तो मे २०१५ मध्ये बाजारात आणला. २०२३ पर्यंत त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे कंपनीने जाहीर केले. पुढील विवेचनात या खेळाचे शेवट उघड केलेले आहेत. ज्यांना तो स्वतः खेळून अनुभवायचा आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

निवडीची परंपरा

एकाहून अधिक शेवट असणारे खेळ ही काही या शतकाची देणगी नव्हे. जपानच्या स्क्वेअर कंपनीच्या ‘क्रोनो ट्रिगर’ या १९९५ मधील खेळात डझनभर शेवट होते. त्यांतील बहुतेक शेवट अंतिम शत्रूचा पराभव कथेच्या कोणत्या टप्प्यावर केला, यावरून ठरत. खेळ एकदा पुरा केल्यावर कमावलेल्या शक्तीनिशी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची सोय त्यात होती. त्यामुळे वेगवेगळे शेवट शोधून काढणे हाच एक स्वतंत्र छंद होऊन बसला.

१९९७ मध्ये आलेल्या अमेरिकन ‘फॉलआउट’ने वेगळी वाट काढली. अणुयुद्धानंतरच्या उजाड कॅलिफोर्नियात घडणाऱ्या या खेळाच्या अखेरीस एकामागून एक चित्रे दिसत आणि निवेदकाच्या आवाजात प्रत्येक वस्तीचे पुढे काय झाले, हे सांगितले जाई. खेळाडूने ज्या गावाला मदत केली ते भरभराटीला आले, ज्याकडे पाठ फिरवली ते नामशेष झाले. नायकाचे भवितव्य एकच, पण त्याच्यामागे राहिलेल्या जगाचे भवितव्य अनेक, ही कल्पना पुढे अनेकांनी उचलली. ‘विचर’च्या शेवटाचीही एक बाजू याच घाटाची आहे.

फांद्यांचे गणित

खेळाडूला दिलेली प्रत्येक निवड म्हणजे रस्त्याला फुटलेला फाटा. दोन पर्यायांचा एक प्रसंग असेल, तर कथेच्या दोन आवृत्त्या होतात. असे दहा प्रसंग एकामागून एक आले आणि प्रत्येक फाटा शेवटपर्यंत स्वतंत्र ठेवायचा म्हटले, तर १०२४ कथा लिहाव्या लागतील, चितारून घ्याव्या लागतील आणि नटांच्या आवाजात ध्वनिमुद्रित कराव्या लागतील. कोणत्याही कंपनीला हे परवडणारे नाही. शिवाय एका खेळाडूच्या वाट्याला त्यांतील एकच कथा येणार. उरलेल्या १०२३ कथांवरील श्रम त्याच्यापुरते वाया जाणार.

म्हणून निर्माते दोन युक्त्या योजतात. पहिली युक्ती अशी, की फाटे फुटतात, पण थोडे अंतर चालून पुन्हा मुख्य रस्त्याला येऊन मिळतात. दुसरी युक्ती म्हणजे नोंदवही. खेळाडूने काय केले याची नोंद खेळाची प्रणाली गुपचूप ठेवत जाते. अमुक पात्र जिवंत आहे की नाही, तमुक वचन पाळले की मोडले, एखाद्याचा विश्वास किती वाढला वा घटला, अशा शेकडो बारीकसारीक खुणा ती जपून ठेवते. कथा मुख्य रस्त्यावरूनच पुढे सरकत असते. मात्र अखेरच्या प्रकरणात ही नोंदवही उघडली जाते आणि तिच्यातील आकड्यांनुसार शेवट जुळवला जातो.

‘विचर ३’चे ३६ वेगवेगळे शेवट असल्याचे कंपनीने खेळ येण्यापूर्वी सांगितले होते. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. प्रत्यक्षात हे छत्तीस स्वतंत्र शेवट नव्हेत. मुलीचे भवितव्य, युद्धाचा निकाल, बेटांवरील राजसत्ता आणि नायकाची सहचारिणी अशा प्रश्नांच्या उत्तरांच्या जुळण्यांतून शेवटाची वेगवेगळी रूपे घडतात. एकमेकांशी संबंध नसलेले केवळ पाच प्रश्न आणि प्रत्येकाची दोन उत्तरे धरली, तरी ३२ जुळण्या होतात, हे शालेय गणित येथे उपयोगी पडते. ‘बाल्डर्स गेट ३’ या २०२३ मधील खेळाच्या निर्मात्यांनी शेवटाच्या १७ हजार आवृत्त्या असल्याचे सांगितले, तेव्हाही मुख्यतः याच गुणाकाराची करामत होती.

तेव्हा खेळाचे मोल आकड्यावरून ठरत नाही. कोणत्या वागण्याचे कोणते फळ द्यायचे, याबाबत निर्मात्यांनी काय विचार केला, यावरून ते ठरते. आणि ‘विचर ३’चे वेगळेपण नेमके तेथेच आहे.

वडील, मुलगी आणि काही प्रसंग

पोलिश लेखक आंजेय सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांतील पात्रांवर हा खेळ बेतलेला आहे. नायक गेराल्ट हा ‘विचर’, म्हणजे मोबदला घेऊन राक्षसांची शिकार करणारा, मंत्र-औषधींच्या प्रयोगांतून घडवलेला योद्धा. सिरी ही त्याची मानसकन्या. जन्माने ती निल्फगार्ड साम्राज्याचा सम्राट एमहिर याची मुलगी. तिच्या रक्तात अफाट शक्ती आहे आणि त्या शक्तीसाठी ‘वाइल्ड हंट’ नावाची भुतावळ तिच्या मागे लागली आहे. खेळाचा पहिला मोठा भाग तिला शोधण्यात जातो. ती सापडते, तोवर ती लहान मुलगी राहिलेली नसते. एकविशीच्या घरातली, जगाचे चटके सोसलेली तरुणी झालेली असते.

खेळाच्या अखेरीस जगाला गोठवू पाहणाऱ्या ‘व्हाइट फ्रॉस्ट’ या संकटाला सामोरे जाण्यासाठी सिरी एकटी निघून जाते. ती परत येते की नाही, हा या कथेतील सर्वांत मोठा प्रश्न. सामान्यतः अशा प्रश्नाचे उत्तर तलवारीच्या जोरावर ठरावे, अशी खेळाडूची अपेक्षा असते. येथे ते ठरते वडिलांच्या काही साध्या वागण्यांवरून.

पहिला प्रसंग शोकाचा आहे. विचरांचा वृद्ध गुरू व्हेसेमिर सिरीला वाचवताना मारला जातो आणि ती खचून जाते. गेराल्टपुढे दोन पर्याय येतात. प्रत्येक गोष्ट तुला जमलीच पाहिजे असे नाही, अशी तिची समजूत घालायची, की तिला बाहेर नेऊन बर्फाचे गोळे एकमेकांवर फेकत खेळायचे? पहिले उत्तर सहानुभूतीचे वाटते. पण त्याचा गर्भितार्थ ‘तू कमी पडलीस’ असा निघतो. खेळाच्या नोंदवहीत ते उणे म्हणून लिहिले जाते.

दुसरा प्रसंग सम्राटाच्या दरबारातला. गेराल्ट सिरीला तिच्या जन्मदात्याकडे घेऊन गेला, तर मुलगी शोधून दिल्याबद्दल सम्राट त्याला मोबदला देऊ करतो. ठरलेले पैसे घ्यायला हरकत काय, असा व्यवहारी विचार खेळाडूच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण मुलीच्या डोळ्यांदेखत तिच्या बदल्यात थैली स्वीकारणारा बाप तिच्या मनातून उतरतो.

तिसऱ्या प्रसंगात सिरीला चेटकिणींच्या मंडळापुढे बोलणी करायला जायचे असते. गेराल्टने सोबत जावे की तिला एकटीला जाऊ द्यावे? काळजीपोटी सोबत जाणे येथे उणे ठरते. चौथ्या प्रसंगात आपल्याला केवळ एक साधन समजून अभ्यासणाऱ्या अव्हालाख या गुरूची प्रयोगशाळा पाहून ती संतापते. तिला ‘शांत हो’ म्हणायचे, की तिच्याबरोबर तोडफोड करून राग मोकळा होऊ द्यायचा? पाचवा प्रसंग सर्वांत हळवा आहे. तिला मदत केल्यामुळे ज्याच्या वाट्याला अपकीर्ती आणि मृत्यू आला, त्या स्क्याल नावाच्या तरुणाच्या थडग्यापाशी तिला जायचे असते. वेळ नाही म्हणून टाळायचे, की सोबत जायचे?

या प्रसंगांत तिच्यावर विश्वास टाकणारी उत्तरे अधिक असतील, तर सिरी परतते. तिला जपण्याच्या नावाखाली रोखणारी उत्तरे अधिक असतील, तर परतत नाही. शेवटच्या क्षणी संकटाकडे चालत जाताना तिला हेच प्रसंग आठवतात आणि त्या आठवणींतून तिला बळ मिळते वा मिळत नाही.

लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे यांतील कोणताही प्रसंग घडत असताना तो निर्णायक असल्याची सूचना खेळाडूला मिळत नाही. पडद्यावर गुण वाढल्याचे दिसत नाही, ‘चांगले’ आणि ‘वाईट’ अशा पाट्या लावलेल्या नसतात. अनेक खेळाडूंनी प्रेमापोटी, मुलीला सांभाळायच्या भावनेने उत्तरे दिली आणि शेवटी तिला गमावले. मुलाला सुरक्षित ठेवणे आणि त्याला मोठे होऊ देणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे सांगायला या खेळाला उपदेशाचे एकही वाक्य लागत नाही.

सम्राज्ञी, शिकारी की रिकामी झोपडी

सिरी परतली, तरी पुढे आणखी एक फाटा आहे. तिला सम्राटाच्या भेटीला नेलेच नसेल, तर ती विचर होते. ती मेल्याचे गेराल्ट एमहिरला सांगतो आणि नंतर एका खेड्यातील खानावळीत भेटून तिच्या हाती चांदीची नवी तलवार ठेवतो. दोघांची वाट एक होते. बहुसंख्य खेळाडूंना हा शेवट सुखाचा वाटतो.

मात्र तिची पित्याशी भेट घडवली असेल आणि युद्धात निल्फगार्डचा विजय झाला असेल, तर ती साम्राज्याची वारस होण्याचा निर्णय घेते. शेवटची शिकार एकत्र करून, थोडे चालून, बापलेक निरोप घेतात. जगाच्या दृष्टीने हा कदाचित अधिक हितकर शेवट असेल. कारण गरिबी आणि युद्धाची झळ प्रत्यक्ष सोसलेली व्यक्ती सिंहासनावर बसणार असते. गेराल्टच्या दृष्टीने मात्र तो विरहाचा आहे. मुलीचे सुख कशात, जगाचे हित कशात आणि आपले समाधान कशात, या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच शेवटात मिळत नाहीत.

तिसऱ्या शेवटात सिरी परतत नाही. तिच्याकडून हिसकावलेले व्हेसेमिरचे पदक परत मिळवण्यासाठी गेराल्ट दलदलीतील उरलेल्या एका चेटकिणीला गाठून ठार करतो. पदक हाती घेऊन तो झोपडीत बसलेला असताना बाहेर राक्षसांचे थवे जमू लागतात. तो उठून लढतो की नाही, हे खेळ दाखवत नाही.

न निवडणे हीदेखील निवड

युद्धाचा निकाल वेगळ्या धाग्याने ठरतो. उत्तरेचा क्रूर राजा राडोविद याच्या हत्येच्या कटात गेराल्टने भाग घेतलाच नाही, तर राडोविद जिंकतो आणि जादूगारांचा छळ पुढेही चालू राहतो. कट यशस्वी झाला, तर त्यानंतर लगेच मित्रामित्रांत तलवारी उपसल्या जातात. हेरप्रमुख डायक्स्ट्राची बाजू घेतली तर उत्तर स्वतंत्र राहते. आपला जुना सहकारी व्हर्नन रोश याला वाचवले तर साम्राज्य जिंकते. स्केलिगे बेटांवरही हाच प्रकार. सेरिसला मदत केल्यास शांतताप्रिय राणी मिळते, ह्यालमारला केल्यास लढवय्या राजा मिळतो आणि या भानगडीत लक्षच घातले नाही, तर तिसराच उमेदवार गादीवर बसतो. ‘हे माझे काम नव्हे’ असे म्हणून बाजूला होणाऱ्यालाही हा खेळ जबाबदारीतून मोकळे करत नाही.

प्रेमप्रकरणांतही तसेच. ट्रिस किंवा येनेफर यांपैकी एकीशी प्रामाणिक राहिल्यास तिच्यासोबत निवांत आयुष्य मिळते. दोघींनाही वचन दिल्यास दोघी मिळून गेराल्टची फजिती करतात आणि तो एकटा राहतो.

दोन्हीकडून आग

या खेळातील सर्वाधिक चर्चा झालेली निवड मात्र मुख्य शेवटाशी निगडित नाही. ती आहे वेलेन प्रांतातील ‘ब्लडी बॅरन’ या सरदाराच्या कथेत. दारूच्या आहारी जाऊन पत्नीला मारहाण करणारा हा गृहस्थ, घर सोडून गेलेल्या पत्नी-मुलीचा शोध गेराल्टवर सोपवतो. शोध घेता घेता गेराल्ट एका वृक्षाच्या मुळाशी कोंडलेल्या आत्म्यापाशी पोहोचतो. त्याला मुक्त करावे की मारावे?

मुक्त केल्यास दलदलीतील अनाथ मुलांचे प्राण वाचतात; पण तो आत्मा एका गावाचा संहार करतो, बॅरनची पत्नी शापातून सुटताना मरते आणि बॅरन गळफास लावून घेतो. मारल्यास मुले चेटकिणींच्या तोंडी जातात. पत्नी वाचते, पण तिची बुद्धी भ्रमिष्ट होते आणि पश्चात्तापदग्ध बॅरन तिला घेऊन उपचारासाठी दूरच्या पर्वतांकडे निघतो. दोन्हीकडून आग, अशी ही स्थिती. परिणाम ताबडतोब दिसत नाहीत. ते बऱ्याच काळाने, इतर कामांच्या गर्दीत समोर येतात. त्यामुळे मागची साठवण उघडून निर्णय बदलावा म्हटले, तरी मधल्या कित्येक तासांच्या खेळावर पाणी सोडावे लागते. २००७ मधील पहिल्या ‘विचर’पासूनच या संस्थेने ही उशिरा फळ देण्याची पद्धत अवलंबिली आहे. २०११ मधील दुसऱ्या भागात तर एका निर्णयामुळे संपूर्ण दुसरा अंक वेगळ्या छावणीत, वेगळ्या पात्रांसह घडत असे. म्हणजे निम्मा मजकूर एका वेळी खेळाडूला दिसतच नसे. एवढा खर्च करण्याचे धाडस फार थोड्यांनी दाखवले आहे.

निवड फसवी ठरते तेव्हा

हे धाडस किती अवघड आहे, हे ‘मास इफेक्ट ३’ने दाखवून दिले. कॅनडातील बायोवेअर कंपनीच्या या मालिकेत २००७ पासूनचे निर्णय एका खेळातून दुसऱ्यात वाहून नेले जात. कोण जगले, कोण मेले, कोणत्या प्रजातीला अभय मिळाले, या सर्वांचा हिशेब अखेरीस होईल, अशी खेळाडूंची समजूत होती. मार्च २०१२ मध्ये तिसरा भाग आला, तेव्हा सर्वांना शेवटी मुख्यतः तेच तीन पर्याय मिळाले आणि त्यांची दृश्ये तांबड्या, निळ्या व हिरव्या प्रकाशाचा फरक वगळता बरीचशी सारखी होती.

चाहत्यांचा क्षोभ झाला. निषेधाचा भाग म्हणून त्यांनी मुलांसाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेकरिता सुमारे ८० हजार डॉलर जमवले. कंपनीच्या कार्यालयात सुमारे चारशे कपकेक पाठवण्यात आले. वरचे रंग तीन, आतील चव मात्र एकच. यापेक्षा नेमकी समीक्षा क्वचितच कुणी केली असेल. अखेर जून २०१२ मध्ये कंपनीने विस्तारित शेवट विनामूल्य उपलब्ध करून दिला. लेखकाने जाहीर केलेला शेवट वाचकांच्या दबावाने वाढवला जावा का, हा वाद त्या निमित्ताने रंगला आणि तो पुरता मिटलेला नाही.

मागे फिरण्याची मुभा

निवडीच्या या खेळात एक मूलभूत अडचण राहतेच. प्रत्यक्ष आयुष्यात केलेले मागे घेता येत नाही. खेळात जुनी साठवण उघडली की मेलेला माणूस पुन्हा उभा राहतो. मग निर्णयाला वजन कसे यावे? ‘विचर’ने परिणाम लांबवून ही अडचण सोडवली. टोबी फॉक्स यांच्या २०१५ मधील ‘अंडरटेल’ने त्याहून कठोर उपाय योजला. त्यात कुणालाही न मारता खेळ पुरा करता येतो. मात्र एखाद्याने सर्वांना मारून टाकण्याची वाट शेवटपर्यंत चोखाळली, तर नंतर तो कितीही सज्जनपणे खेळला, तरी त्याच्या सुखान्तावर जुन्या पातकाची सावली पडते. खेळ नव्याने सुरू करूनही ती पुसली जात नाही.

अनेक शेवटांची आणखी एक अडचण निर्मात्यांच्या वाट्याला येते. पुढचा भाग काढायचा, तर मागच्या कोणत्या शेवटापासून सुरुवात करायची? डिसेंबर २०२४ मध्ये ‘विचर’च्या चौथ्या भागाची घोषणा झाली आणि त्यात सिरी स्वतः विचर होऊन राक्षसांची शिकार करताना दिसली. ज्यांनी तिला सिंहासनावर बसवले होते किंवा जे तिला परत आणू शकले नव्हते, त्यांच्या मनातील कथा आणि नवी कथा यांची सांगड कशी घातली जाते, याकडे चाहत्यांचे लक्ष लागले.

तंत्राच्या दृष्टीने पाहिले, तर हा सारा काही अटींचा, आकड्यांचा आणि खुणांचा मामला आहे. अमुक नोंद होकारार्थी असेल तर अमुक दृश्य दाखवावे, एवढेच यंत्राला कळते. त्या अटी कोणत्या असाव्यात, हे मात्र माणसे ठरवतात. शोकात बुडालेल्या मुलीला उपदेश करण्यापेक्षा तिच्यासोबत बर्फात खेळणे अधिक मोलाचे, असे कुणा लेखकाला वाटले, म्हणून नोंदवहीत तसे लिहिले गेले. शेवट खेळाडू निवडतो हे खरे. पण कोणत्या गोष्टीला महत्त्व द्यायचे, हे त्याच्याआधी लेखकाने निवडलेले असते. खेळ संपल्यावर अनेकांना आठवण राहते, ती हरवलेल्या राक्षसांची नव्हे. न विचारता तिच्यासोबत आत गेलो आणि एरवी साध्या वाटलेल्या त्या पावलाची किंमत तिने मोजली, याची.